न थरथरणारी दोन पाती

फ्रान्सच्या दक्षिण टोकाला पर्पिन्याँ नावाचं शहर आहे. 24 नोव्हेंबर 2008 रोजी तिथे एक एअरबस ए320 विमान नवा रंग लावून उभं होतं. जर्मनीच्या एक्सएल एअरवेजनं भाड्यानं चालवलेलं हे विमान आता मूळ मालकाला, म्हणजे एअर न्यूझीलंडला, परत जायचं होतं. अंगावर धूळ बसली होती, म्हणून ते साध्या पाण्यानं धुऊन काढलं. दसऱ्याला हार घालण्याआधी गाडीवर पाइप धरावा, तितकं साधं आणि चांगल्या मनानं केलेलं काम. मात्र विमान धुण्याआधी नाकाजवळची तीन छोटी पाती झाकून घ्यायची असतात. ती झाकली गेली नाहीत. या विमानाच्या अपघाताचा अहवाल मोठा आहे, त्यात वैमानिकांचे निर्णय आहेत, संगणकांचे नियम आहेत, शेवटच्या मिनिटाचा सेकंदासेकंदाचा हिशेब आहे. माझं मन मात्र दर वेळी त्या पाण्यापाशीच अडकतं.

हे पातं कुणी जवळून पाहिलं नसेल तर सांगतो. विमानाच्या नाकाच्या बाजूला पत्र्यातून बाहेर आलेला, माशाच्या परासारखा धातूचा एक छोटा तुकडा. देवळावरची पताका जशी वाऱ्याकडे वळते, तसं हे पातं समोरून येणाऱ्या हवेच्या प्रवाहाला समांतर होतं. त्याचा दांडा आत एका बेअरिंगमध्ये फिरतो आणि किती अंश फिरला ते विजेच्या संकेतानं संगणकाला कळतं. पंख हवेला किती तिरका भिडतोय, म्हणजेच अँगल ऑफ अटॅक, हे त्यावरून ठरतं. हा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की हवा पंखाला धरून वाहत नाही, सुटते, आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल ढासळते. ए320 मधले संगणक वैमानिकाला त्या मर्यादेच्या पलीकडे जाऊच देत नाहीत. अर्थात पात्यानं खरं सांगितलं तर. बाहेरच्या पात्यावर बर्फ धरू नये म्हणून ते आतून तापवलेलं असतं. पण पाइपाच्या पाण्याचा रोख दांड्याच्या फटीतून आतल्या भागात शिरला, तर तिथलं पाणी गोठायला काही अडकाठी नसते.

27 नोव्हेंबरला विमान उडालं. 32,000 फुटांवर, बाहेर उणे 50 अंशांच्या आसपास तापमान असताना, पहिलं आणि दुसरं पातं जागच्या जागी गोठलं. तिसरं मोकळं राहिलं.

गोठली ती दोन्ही जवळजवळ एकाच कोनात.

इथून पुढचं समजायला संगणक कौल कसा घेतो ते पाहावं लागतं. एकच सेन्सर असेल तर तो खोटं बोलतोय हे कळायला मार्ग नाही. दोन असतील तर भांडण आहे एवढं कळतं, चूक कोणाची ते कळत नाही. तीन असले की निवाडा होतो: दोघांचं जुळतं आणि तिसरा फटकून असतो, तेव्हा तिसऱ्याला बाद करायचं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथे तो दोघांमुखी असतो. आपल्या तेजस विमानात उड्डाण नियंत्रणाच्या चार वाहिन्या आहेत. चारातली एक गेली तरी तीन उरतात आणि पुढचा दोष आला तरी निवाडा करता येतो. हिशेब सरळ आहे आणि सुटे, एकमेकांशी संबंध नसलेले बिघाड तो फार चांगला पकडतो. सगळा भार त्या "संबंध नसलेले" या शब्दांवर आहे. ब्राह्मण आणि बकऱ्याची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. एका ठगानं खांद्यावरच्या बकऱ्याला कुत्रं म्हटलं तेव्हा ब्राह्मणानं लक्ष दिलं नाही. तिसऱ्यानंही तेच म्हटल्यावर त्यानं बकरं खाली टाकलं. त्याचा हिशेब चुकला नव्हता. ठगांनी आधी भेटून ठरवलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पर्पिन्याँच्या त्या दोन पात्यांना एकाच पाइपाच्या पाण्यानं एकत्र आणलं होतं. निवाड्यात तिसरं, खरं बोलणारं पातं एकटं पडलं.

हे एकदाच घडलं असतं तर दुर्मीळ योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण 5 नोव्हेंबर 2014 रोजी बिल्बाओहून म्युनिकला निघालेल्या लुफ्थान्साच्या ए321 ची दोन पाती वर चढतानाच गोठली. 31,000 फुटांवर संगणकाला वाटलं की विमान स्टॉलच्या दिशेनं चाललंय आणि त्यानं नाक खाली दाबलं. वैमानिक स्टिक मागे ओढत होते तरी 4,000 फूट उंची गेली. त्यांनी डोकं शांत ठेवून जमिनीवरच्या तंत्रज्ञांशी बोलून हवेची माहिती देणाऱ्या संचांपैकी एक बंद केला. संगणकाला निवाडा करता येईना, तशी त्यानं ती संरक्षणाची पातळी सोडून दिली आणि विमान पुन्हा हातात आलं. नंतर युरोपच्या सुरक्षा संस्थेनं तातडीचा आदेश काढला, त्याचा गाभा हाच होता: अशा वेळी तीनपैकी दोन संच बंद करा. दोष शोधणारी यंत्रणा चुकीचा निकाल देत असेल, तर तिच्यासमोरचे साक्षीदारच उठवून न्यायचे.

कौल घेण्यात आणखी एक अवघड गोष्ट असते, वेळ. हवेचा एखादा झोत येतो, पातं क्षणभर फडफडतं, पुन्हा ताळ्यावर येतं. तेवढ्यावरून ते बाद केलं, तर वादळी दिवशी एकही सेन्सर उरायचा नाही. म्हणून फरक काही काळ टिकला तरच दोष मानतात. पण तेवढ्या वेळात खोटा आकडा एलिव्हेटरपर्यंत, म्हणजे नाक वरखाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या भागापर्यंत, पोचता कामा नये. पर्पिन्याँच्या सात आठवडे आधी, 7 ऑक्टोबर 2008 ला, सिंगापूरहून पर्थला जाणाऱ्या क्वांटासच्या ए330 मध्ये या दोन गरजांमधली फट उघडी पडली. त्या विमानाचा नियम असा होता. पहिल्या आणि दुसऱ्या सेन्सरची सरासरी वापरायची. त्यातला एखादा तिघांच्या मधल्या आकड्यापासून दूर गेला, तर आधीची चांगली सरासरी 1.2 सेकंद धरून ठेवायची. फरक 1 सेकंदाहून जास्त टिकला तर त्या संचाला उरलेल्या उड्डाणासाठी बाद करायचं. कागदावर पाहिलं तर नियम शहाणा आहे. त्या दिवशी पहिल्या संचातून खोट्या आकड्यांचे टोकदार उसळे येत होते. एक उसळा सेकंदाच्या आत संपला, म्हणून संच बाद झाला नाही. दुसरा नेमका 1.2 सेकंदांनी, धरून ठेवलेली किंमत सोडण्याच्या क्षणी हजर होता. तो सरळ आत गेला. आकडा होता 50.6 अंश, प्रवासी विमान उडत असताना जो कधीच असू शकत नाही. संगणकानं एलिव्हेटरला 10 अंश नाक-खाली हुकूम दिला. 315 माणसांपैकी 119 जखमी झाली, पट्टा न बांधलेली थेट छताला आदळली.

तो 50.6 आकडा कुठून आला हे तपासताना फार वेगळी गोष्ट हाती लागली. विमान 37,000 फुटांवर होतं. संच उंचीचा आकडा पाठवत होता, पण त्यावर अँगल ऑफ अटॅकची चिठ्ठी लावून. उंचीचे तेच एक-शून्य कोनाच्या मापात वाचले की 50.625 अंश होतात. म्हणजे आकडा खरा होता, नाव चुकलं होतं. ते का चुकलं, याचं मूळ तपास करणाऱ्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. त्याच विमानात 2006 मध्ये आणि दुसऱ्या एका ए330 मध्ये डिसेंबर 2008 मध्येही असा बिघाड झाला होता, पण त्या दोन्ही वेळा उसळ्यांच्या वेळा अशा जुळून आल्या नव्हत्या. ए330 आणि ए340 विमानांच्या 2 कोटी 80 लाख तासांच्या उड्डाणात ती फट एकदाच वापरली गेली. जगाला भिडणारा बिघाड रचना करणाऱ्याच्या कल्पनेबाहेरचा असतो, हे माहीत असूनही हा तपशील वाचताना अंगावर काटा येतो.

लपून बसलेल्या दोषांची जात वेगळीच. 1 ऑगस्ट 2005 ला पर्थहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं बोइंग 777 अचानक वर झेपावलं. 38,000 फुटांवरून जवळपास 41,000 पर्यंत गेलं, वेग 270 नॉटवरून 158 वर आला. त्याच्या संचात सहा त्वरणमापक होते. पाचवा जून 2001 मध्येच बिघडला होता. संच दोष सोसायचा म्हणूनच बनवलेला, त्यानं पाचव्याला बाजूला ठेवलं आणि उरलेल्यांवर काम चालू ठेवलं. चार वर्षं कुणाला काही जाणवलं नाही, जाणवू नये हाच तर रचनेचा हेतू होता. मग सहावा गेला, आणि सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे संचानं बाद केलेल्या पाचव्याचे आकडे पुन्हा खरे मानले. दोष सोसणारी यंत्रणा जितकी चांगली, तितका दोष गप्प राहतो. म्हणून "चालतंय ना" या उत्तरावर या क्षेत्रात समाधान मानता येत नाही. किती गेल्यावर चालतंय, हे विचारावं लागतं.

तारांवरून हुकूम देणारा संगणक नसेल तर गोष्ट सोपी होते असं कुणाला वाटत असेल, तर 1997 च्या सप्टेंबरमधली एक मोजणी आठवावी. अलास्का एअरलाइन्सचं एमडी-83, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या हँगरमध्ये. या विमानाच्या शेपटीचा आडवा पंख एका जाड स्क्रूवर वरखाली होतो. त्या जॅकस्क्रूवर नट असतो, आणि नटाचे आटे पोलादी स्क्रूपेक्षा मऊ धातूचे, म्हणजे झिजायचं ते त्यांनीच. आटे किती झिजले हे उघडून न पाहता कळावं म्हणून एंड-प्ले मोजतात: पंख एका खास साधनानं दाबून धरायचा, ठरलेला जोर द्यायचा, आणि स्क्रू नटात किती हलतो ते डायल गेजवर वाचायचं. मर्यादा 0.040 इंच, म्हणजे जेमतेम 1 मिलिमीटर. त्या दिवशी गेजनं नेमके 0.040 दाखवले. नट बदला, अशी नोंद झाली. पुढच्या पाळीत मोजणी पुन्हा केली, पाच वेळा, आणि 0.033 आले. नोंद खोडली गेली, विमान बाहेर पडलं. 31 जानेवारी 2000 ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत ते समुद्रात कोसळलं, 88 माणसं गेली. वर काढलेल्या स्क्रूभोवती नटाचे आटे तारेच्या वेटोळ्यांसारखे गुंडाळलेले होते आणि जिथे ग्रीस असायला हवं तिथे ते नव्हतं. मोजणीचं साधन घरीच बनवलेलं होतं आणि मूळ आराखड्याशी जुळत नव्हतं, असंही तपासात दिसलं. 0.007 इंचाचा फरक. साध्या कागदाचे दोन थर होतील एवढा. दोन मोजण्यांत इतका फरक पडतो, तेव्हा आकड्याआधी मोजणीवर संशय घ्यायला हवा. आवडता आकडा हाती आला की तो संशय विरतो. ही माणसाची ओढ आहे, फक्त त्या हँगरची नाही.

तपासणारा आणि तपासला जाणारा, दोघंही एकाच हातानं चुकवले तर काय होतं, याचं उदाहरण फ्रँकफर्टचं. एअरबसच्या प्रत्येक नियंत्रण संगणकात दोन भाग असतात. एक हुकूम देतो, दुसरा तोच हिशेब स्वतंत्र करून पहिल्यावर नजर ठेवतो. स्टिकपासून दोघांना वेगळ्या तारा जातात. ए320 मध्ये तर एलिव्हेटर आणि एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारा पंखाच्या टोकाकडचा भाग) यांच्या संगणकात मोटोरोलाचा प्रोसेसर आणि स्पॉइलरच्या (पंखावर उभ्या राहणाऱ्या फळ्यांच्या) संगणकात इंटेलचा, म्हणजे एकाच्या रचनेतली चूक दुसऱ्यात नसावी, इथपर्यंत विचार झालेला. 2001 च्या मार्चमध्ये लुफ्थान्साच्या एका ए320 मध्ये कनेक्टरची पिन वाकलेली सापडली, कनेक्टर बदलला, तारा पुन्हा जोडल्या. हुकूम देणाऱ्या भागाच्या तारांची जोडी उलटी लागली. नजर ठेवणाऱ्या भागाचीही उलटी लागली. दोघांचं एकमेकांशी तंतोतंत जुळलं, संगणकाला काहीच वावगं दिसलं नाही. 20 मार्चला उड्डाण घेताना डावा पंख खाली गेला, कॅप्टननं उजवीकडे स्टिक दिली तसा आणखी गेला, पंखाचं टोक जमिनीपासून अर्धा मीटर राहिलं. सहवैमानिकाची स्टिक नीट होती, त्यानं ताबा घेतला म्हणून सगळे वाचले. उड्डाणाआधी नियंत्रणं तपासली होती. पडद्यावर एलेरॉन पूर्ण हललेले दिसले होते. कुठल्या बाजूला हलले, हे पाहायचं राहिलं.

म्हणून ज्या दुरुस्तीनंतर तार, केबल किंवा कनेक्टर उघडलेला असतो, तिथे एक माणूस कॉकपिटमध्ये आणि एक खाली पंखाजवळ उभा राहतो. आतला म्हणतो "डावीकडे", बाहेरचा डाव्या पंखाचा एलेरॉन वर गेलेला डोळ्यांनी पाहतो आणि तसं मोठ्यानं सांगतो. दोनच मिनिटांचं काम. पोर्तुगालच्या अल्व्हेर्कामध्ये 2018 मध्ये एअर अस्तानाच्या एम्ब्रेअर 190 च्या एलेरॉनच्या केबल्स उलट्या लागल्या. इथे तर संगणक खरं बोलत होता. स्पॉइलर तारेवरून बरोबर चालत होते आणि एलेरॉन उलटे, त्यामुळे उड्डाणाला सोडू नका असा संदेश पडद्यावर कित्येक दिवस येत होता. तो संदेश का येतोय यापेक्षा तो कसा जाईल याचा शोध चालला, आणि एकदाचा तो गेला. 11 नोव्हेंबरला सहा जणांना घेऊन विमान उडालं आणि ढगांत वेडंवाकडं भिरभिरत राहिलं. अखेर हवाई दलाच्या एफ-16 विमानांच्या साथीनं बेजाच्या धावपट्टीवर तिसऱ्या प्रयत्नात उतरलं.

मग जुळणं आणि खरं असणं यांतली दरी भरायची कशी? सर्वांत सुंदर उत्तर मला वाटतं ते म्हणजे, सेन्सरला सेन्सरशी न ताडता विमानाच्या गतीशी ताडून पाहणं. वारा स्थिर असेल आणि पंख समपातळीत असतील, तर नाक क्षितिजाशी जो कोन करतं त्यातून विमानाच्या वाटेचा कोन वजा केला की अँगल ऑफ अटॅक मिळतो. नाक 5 अंश वर, वाट 3 अंश चढाची, तर पात्यानं साधारण 2 सांगायला हवेत. नाकाचा कोन जायरोवरून येतो, त्याला पाण्याशी किंवा बर्फाशी देणंघेणं नाही. शिवाय वजन आणि वेग माहीत असला की पंखाला किती उचल द्यायची आहे ते कळतं, आणि त्यावरूनही कोन काढता येतो. वेग निम्मा झाला तर तेवढ्याच पंखाला चौपट मेहनत करावी लागते, कोन वाढल्याशिवाय ते होत नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातली तफावत, जिला या विषयात शेष म्हणता येईल, ती सतत पाहत राहायची. एअरबसनं ए380 मध्ये पंखाच्या हलत्या भागांसाठी असंच केलं आहे. सर्वो, म्हणजे तो भाग हलवणारी यंत्रणा, बिघडला तर एखादा एलिव्हेटर स्वतःशीच डोलू लागतो. ते डोलणं विमानाच्या सांगाड्याच्या नैसर्गिक कंपनाशी जुळलं तर शेपटीवर प्रचंड ताण येतो. म्हणून संगणक हुकमावरून त्या भागाची अपेक्षित जागा काढतो, खऱ्या जागेतून ती वजा करतो, आणि उरलेला शेष ठरलेली रेघ आळीपाळीनं वर आणि खाली किती वेळा ओलांडतो ते मोजतो. काही फेऱ्यांतच तो भाग बंद करून दुसऱ्या सर्वोकडे काम देतो. जितकं लहान डोलणं पकडता येईल, तितकी शेपटी हलकी बांधता येते. दोष शोधण्यातली बारकाई इथे किलोंमध्ये मोजली जाते.

आणखी एक खूण आहे, ती मला फार मोलाची वाटते. जिवंत पातं कधीच स्थिर नसतं. शांत हवेतही ते अंशाच्या दशांशानं थरथरत असतं. आकडा सरळ रेघेत चालू लागला, दहा मिनिटं, वीस मिनिटं, वेग बदलला, वजन कमी झालं, उंची बदलली तरी रेघ हलली नाही, तर तो आजार आहे. आपल्याला उसळणाऱ्या आकड्यांची भीती वाटते, गप्प आकड्यांवर विश्वास बसतो. सेन्सरच्या बाबतीत हे बरोबर उलटं धरावं.

पर्पिन्याँच्या त्या विमानात सात माणसं होती. जर्मन वैमानिक दोन, बाकी पाच न्यूझीलंडची. विमान ताब्यात घेण्याआधी कमी वेगाची संरक्षणं चालतात का, हे पाहायचं होतं. ती चाचणी उतरण्याच्या वाटेवर, 3,000 फुटांच्या आसपास घेतली. वेग कमी होत गेला, नाक वर जात राहिलं, उंची तीच. अशा वेळी कोन वाढायलाच हवा. पहिल्या दोन पात्यांचे आकडे जागचे हलले नाहीत. मर्यादा जवळ आली आहे हे संगणकाला कळलंच नाही, म्हणून त्यानं अडवलं नाही. दरम्यान शेपटीचा आडवा पंख आपोआप नाक-वरच्या टोकापर्यंत सरकला होता. 99 नॉटवर स्टॉलचा इशारा वाजला. वैमानिकांनी पूर्ण ताकद दिली, त्या ताकदीनं नाक आणखी उसळलं, आणि त्याच वेळी आकड्यांच्या गोंधळात संगणकानं आपोआप ट्रिम करणं, म्हणजे तो आडवा पंख सरकवणं, सोडून दिलं. ट्रिम हातानं करा, असा संदेश पडद्यावर आला. त्या क्षणी तो वाचायला कुणाला सवड नव्हती. विमान कानेच्या समुद्रकिनाऱ्यालगत पडलं, सातही जण गेले.

तो 99 नॉटचा इशारा पहिल्या दोन पात्यांमुळे वाजला नव्हता. इशाऱ्याचा संगणक वेगळा, त्याचा नियम वेगळा, तो कौल घेत नाही. तिथे तिसऱ्या पात्याचं म्हणणं पोचलं होतं.